तो एकटाच ताई म्हणत नव्हता

पहिल्यांदा तिने त्याला पाहिलं तेव्हा तो एका पायावर उभा होता.

ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथल्या दलदलीत. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा आणि तो पाय हवेत. दुसरा बूट चिखलाने गिळला होता. मागे फळ्यांच्या पायवाटेवर सातवीची अख्खी तुकडी ओळीने उभी होती आणि प्रत्येकाचा हात तोंडावर होता. हसू दाबून दाबून पोरांचे डोळे बाहेर यायची वेळ आली होती.

"हलू नका," ती म्हणाली.

"हलता आलं असतं तर एव्हाना पलीकडे पोचलो असतो," तो म्हणाला.

"एवढ्या फळ्या टाकल्यात आम्ही, त्या काय शोभेला?"

"फळीवर दोघं मावत नाहीत. एक पोरगी मध्येच घाबरून थांबली होती, तिला पुढे जाऊ दिलं. मग मी बाजूने—" त्याचा तोल गेला, त्याने हात पसरून तो सावरला. "म्हणजे, बाजूने जायचा विचार होता."

तिने बाही वर सारली, वाकली आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातला. जरा चाचपडून तिने बूट ओढून काढला. उलटा केला तसं त्यातून पाणी आलं, गाळ आला आणि बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय आली. गोगलगाय तिने ओढ्यात धुतली आणि अलगद काठाच्या गवतात सोडली.

"ही आमची," ती म्हणाली. "बूट तुमचा."

तेवढ्यात ओळीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बगळा." झालं, बांध फुटला. चाळीस पोरं खदाखदा हसायला लागली, आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो स्वतः. त्या दिवसापासून त्याचं नाव बगळेसर पडलं ते पडलंच. एवढा उंच माणूस पोरांसमोर फजिती होऊनही चिडला नाही, हे तिने पाहिलं. त्याच्या पापणीवर चिखलाचा एक बारीक थेंब होता, तोही तिने पाहिला... पण हे तिने कुणालाच, अगदी स्वतःलासुद्धा, सांगितलं नाही.

तिलाही पोरांनी ठेवलेलं नाव होतं. तळेताई. निसर्ग उद्यानातला पाण्याचा सगळा भाग तिच्याकडे होता. तळं, त्यात येणारा ओढा, मधली दलदल आणि काठावरची पत्र्याची शेड. ती इथे कामाला लागली तेव्हा तळं कसलं, डबकं होतं. लोक फाटक्या गाद्या आणून टाकत. तो सगळा घाण गाळ तिने माणसं हाताशी धरून उपसला, स्वतः उतरून उपसला, ओढ्याचं तोंड मोकळं केलं, काठाला पुन्हा लव्हाळी लावली. तळं कुणाचं असं विचारलं तर ती म्हणायची, उद्यानाचं. पण म्हणताना मान अशी ताठ व्हायची, की विचारणाऱ्याला काय ते कळायचं. आणि का होऊ नये? तिच्या हाताने झालं होतं ते.

"विज्ञानाच्या बाई नाही आल्या?" तिने विचारलं.

"बाळंतपणाच्या रजेवर आहेत. मी चित्रकलेचा. सातवीच्या चारही तुकड्या माझ्या गळ्यात पडल्यात, दर गुरुवारी एक." तो ओला बूट घालत म्हणाला, "मला एवढंच माहीत आहे की पाणी निळं रंगवायचं नाही. परीक्षक मार्क कापतात."

ती हसणार होती. पण ओळखदेख नसलेल्या माणसाच्या पहिल्याच विनोदाला हसायचं नाही, असा तिचा एक बाणा होता.

तो दिवस तसा छान चालला होता. मुलांनी पांढरे ट्रे आणि जाळ्या घेतल्या, ओढ्यातले दगड उचलून खालची बाजू बघितली आणि दगड होता तसाच परत ठेवला. तिथे हा नियम कडक होता. दगडाखाली कुणाचं तरी घर असतं. पाण्यावर घसरत धावणारे किडे बघून मुलं किंचाळली, बेडूकमासे बघून गप्प झाली. मग तिने त्यांना शेडमध्ये नेलं, काचेच्या टाकीपाशी.

त्या टाकीत तिचा जीव होता. तळ्यावर चतुर तसे पुष्कळ, पण तांबडे चतुर कधीचेच दिसेनासे झाले होते. तिची आत्या सांगायची, आमच्या लहानपणी सगळा काठ लाल दिसायचा. म्हणून तिने परवानगी काढून, डोंगरातल्या एका डोहावरून तांबड्या चतुरांची अंडी आणली होती. अंड्यांतून अळ्या निघाल्या. मातकट, सहा पायांच्या, दिसायला अगदीच बेरूप. वर्षाहून जास्त काळ तिने त्यांना डोळ्यांत तेल घालून वाढवलं. अळी पाण्यातच वाढते, आणि वेळ भरली की काडीवरून वर चढते, पाठ उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. यंदा ते उडणार होते. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, यंदा तळ्यावर तांबडे चतुर उडणार.

एका मुलाच्या पायात काटा गेला म्हणून ती प्रथमोपचाराची पेटी आणायला गेली. परत आली तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," बगळेसर अगदी खुशीत म्हणाले. "मुलं म्हणाली किड्यांना पाणी कमी पडतंय. पिण्याच्या नळाचं आणून घातलं, स्वच्छ. बघा ना, किती छान दिसतायत आता."

 नळाच्या पाण्यात औषध असतं. माणसाला ते चालतं, या जिवांना नाही. आणि मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो चाळीस पोरांसमोर.

"एवढे ताडमाड वाढलात, पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही? वर्षभर जपलंय मी यांना. आणि तुम्ही... तुम्ही मुलांना शिकवता?"

 त्याचा चेहरा खर्रकन उतरला. क्षणभर वाटलं, आता हाही उलटून बोलणार. पण तो मुलांकडे वळला.

"मुलांनो, सरांच्या हातून चूक झाली. चूक झाली की आपण काय करतो?"

मुलं बारीक आवाजात एकसुरात म्हणाली, "आधी सांगतो. मग विचारतो. मग निस्तरतो."

"सांगून झालं," तो तिच्याकडे वळून म्हणाला. "आता विचारतो. काय करू?"

"तळ्याचं पाणी," ती दातओठ खात म्हणाली. "या टाकीत, आत्ता, जेवढं लवकर होईल तेवढं."

मग तळ्यापासून शेडपर्यंत चाळीस पोरांची साखळी लागली आणि बादल्या हातोहात येऊ लागल्या. पाण्यात गुडघाभर उभा राहून पहिली बादली भरून देत होता तो. या खेपेला बूट काढून. पाणी बदललं, अळ्या हलल्या, तिचा जीव भांड्यात पडला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याअधिक अळ्या तळाशी निपचित पडल्या होत्या. मूठभर उरल्या.

आत्या उद्यानाच्या तिकीट खिडकीवर बसायची. तिनेच भाचीला लहानाची मोठी केली होती, आणि खिडकीतून जगाची खबर ठेवणं हा तिचा हातचा मळ होता.

"काल तुझा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला," आत्या म्हणाली.

"चूक त्यांची होती."

"असेलही. जाताना थांबले होते ते. म्हणाले, तुमच्या भाचीने तळं काय राखलंय, मी असं काम कुठे पाहिलं नाही." आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नळाचं पाणी घालू नये अशी पाटी लावली होतीस का गं तिथे?"

पाटी नव्हती. एवढं तर कुणालाही कळतं, असं तिला वाटायचं. आत्याच्या एका प्रश्नाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक निम्मी तिची होती, आणि बोल मात्र सगळे त्याने खाल्ले. तेही स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर. माफी मागायला हवी होती. पण माफी या शब्दाला तिची जीभ कधी वळलीच नव्हती, त्याला ती तरी काय करणार.

दुसऱ्या गुरुवारी तो दुसरी तुकडी घेऊन आला. काखेत एक लाकडी पाटी होती.

"परवानगी असेल तर लावतो. या वेळी आधी विचारतोय."

पाटीवर एक बगळा रंगवला होता. चोचीत नळाच्या पाण्याचा जग, मान खाली, आणि चेहऱ्यावर असा काही पश्चात्ताप, की बघणाऱ्याला त्या पक्ष्याला जवळ घ्यावंसं वाटावं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नळाचं पाणी घालू नका. आमच्या सरांनी घातलं होतं.

तिला हसू आवरेना. बाणा, ताठा, सगळं गुंडाळून ती हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तो पाटी हातात धरून नुसता बघत राहिला.

"काय बघताय?"

"काही नाही. तुम्ही हसताना कशा दिसता ते माहीत नव्हतं. चित्रकाराला माहीत पाहिजे."

"स्वतःची चूक अशी चारचौघांत रंगवून लावतात का कुणी?"

"केलेली आहे तर लपवायची कशाला? आणि बगळा चांगला जमलाय. त्याचा मला अभिमान आहे."

आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. मीही चुकले, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं... शब्द घशापर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला. "खिळे शेडमध्ये आहेत," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने त्याला जाळी धरायला शिकवली. प्रवाहाकडे तोंड करून, तळाशी टेकवून. त्याचा हात चुकीचा होता म्हणून तिने मनगट धरून वळवला. मनगट लगेच सोडलं, पण बोटांना ते बराच वेळ आठवत होतं. तोही मग जाळीत काहीच नसताना जाळीकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"तळेताई, हे काय आहे?" "तळेताई, इकडे या ना." चारी बाजूंनी मुलांच्या हाका येत होत्या. उद्यानातला माळी तिला ताई म्हणायचा, पहारेकरी ताई म्हणायचा, वयाने दुप्पट असलेले साहेबसुद्धा ताई म्हणायचे. बगळेसर मात्र म्हणायचे, "अहो, ऐकलंत का" नाहीतर "तळ्याच्या मालकीणबाई".

ही गोष्ट आत्याच्या कानातून सुटणं शक्य नव्हतं. संध्याकाळी खिडकी बंद करताना ती म्हणाली, "सगळी दुनिया तुला ताई म्हणते. तो एकटा म्हणत नाही. का बरं?"

"मला काय माहीत. शिस्त नसेल."

"हो, तेच असेल," आत्या म्हणाली आणि कुलूप लावताना स्वतःशीच हसली.

तिसऱ्या गुरुवारी पावसाची भुरभुर होती. तिसरी तुकडी शेडच्या कट्ट्यावर डबे उघडून बसली होती आणि पत्र्यावर थेंब वाजत होते. तळ्यावर थेंबाथेंबाची वर्तुळं एकमेकांत मिसळत होती. टाकीपाशी ते दोघं वाकून उरलेल्या अळ्या बघत होते. भिंग एकच होतं, त्यामुळे डोकी जवळ येणं भाग होतं. त्याच्या केसांना पावसाचा वास येत होता.

"ही काय हो," तो कुजबुजला, "हिने जेवण सोडलंय का? मघापासून बाकीच्या खातायत, ही नुसती काडीला धरून बसलीय."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "वेळ भरत आली की खाणं सोडतात. अजून काही दिवस. मग ती वर येईल."

"आणि हे टबात पाणी कसलं साठवून ठेवलंय?"

"नळाचंच. तळं आटलं की लागतं. उघड्यावर दोन दिवस ठेवलं की त्यातलं औषध उडून जातं. मग ते कुणाला मारत नाही."

"म्हणजे पाण्याचा राग दोन दिवसांत जातो."

"जातो."

"आणि माणसाचा?" त्याने भिंगातून नजर काढली नव्हती. पण भिंगाखाली आता अळी नव्हती, हे तिला दिसत होतं.

"माझा दुसऱ्याच दिवशी गेला होता," ती म्हणाली.

"मग सांगितलं नाहीत ते?"

भुरभुर थांबली होती. आता बोल, ती स्वतःला म्हणाली, आता नाही तर कधी. "मी... म्हणजे त्या दिवशी..."

"सर, याने माझ्या डब्यात बेडूक ठेवला," कट्ट्यावरून आवाज आला, आणि पुढचा अर्धा तास बेडकाचा शोध, दोषीचा शोध आणि बेडकाची समजूत यात गेला. निघताना तो फाटकापाशी जरा रेंगाळला. तिच्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या गुरुवारी शेवटची तुकडी." बस्स, एवढंच. त्यानंतर शाळेची गाडी गेली.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. आरशासमोर उभं राहून तिने माफीची वाक्यं घोकली. काही फार लांब झाली, काही फार रुक्ष. शेवटी एक बरं जमलं. गुरुवारी सकाळी ती ठेवणीतला कुर्ता घालून आली, वर गमबूट. आत्याने बघितलं पण चकार शब्द काढला नाही, आणि आत्या गप्प राहते म्हणजे काय ते ज्याने त्याने समजावं.

शाळेची गाडी आली. मुलं उतरली. त्यांच्यामागून उतरल्या विज्ञानाच्या बाई.

"रजा संपली माझी," बाई हसून म्हणाल्या. "आमच्या चित्रकलेच्या सरांनी तीन तुकड्या सांभाळल्या, फार बरं झालं. मी म्हटलं, या तुम्हीही, तर म्हणाले, नको, तिथलं माझं काम झालं."

काम झालं. तिने ट्रे वाटले, जाळ्या वाटल्या, दगडाचा नियम सांगितला. आवाज कुठेही हलला नाही, तेवढी ती पक्की होती. पण आत सगळं रितं रितं झालं होतं. बरोबरच आहे, तिला वाटलं. दर वेळी त्यानेच यायचं, त्यानेच पाटी आणायची, त्यानेच विचारायचं. आणि मी काय केलं? खिळे शेडमध्ये आहेत म्हणून सांगितलं. स्वतःच्या ताठ्याचा तिला असा राग आला की विचारू नका.

ट्रेपाशी एक दोन वेण्यांची मुलगी कधीची तिच्याकडे बघत होती.

"ताई, सांगायचं नाही असं सरांनी सांगितलंय. पण सांगू?"

"सांगायचं नसेल तर नको सांगूस."

"बगळेसर शाळेमागे तळं करतायत," मुलगी एका श्वासात म्हणाली. "सगळ्या तुकड्यांनी मिळून तीन आठवडे खणलंय. टबात पाणी ठेवतो आम्ही, दोन दिवसांनी ओततो. ओढ्याकाठची माती पण घातलीय. पण त्यात कुणी राहायलाच येत नाही. सर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बघतात. ते म्हणाले, कुणीतरी आलं की मग ताईंना बोलवू... म्हणजे, ताई नाही म्हणाले. 'त्यांना' म्हणाले."

तळेताईने हातातला ट्रे खाली ठेवला, कारण तो वाकडा होऊन पाणी सांडायला लागलं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यान उघडायच्या आधी ती टाकीपाशी उभी होती. जेवण सोडलेली अळी काडीला घट्ट धरून होती. अळ्या मूठभर उरल्या होत्या. त्यातली हीच सगळ्यात आधी उडणार होती, आणि सगळ्या उद्यानाला तिने याच तळ्यावर उडेल म्हणून सांगितलं होतं. बाकीच्या होत्या, त्या इथे उडतील. तिने बादलीत तळ्याचं पाणी घेतलं, काडीसकट अळी त्यात ठेवली, वर फडकं बांधलं आणि खिडकीपाशी आली.

"आत्या, मी जरा शाळेत जाऊन येते."

"बादली घेऊन?"

"हो."

"जा बाई," आत्या म्हणाली. "आणि हे बघ, तिथे जाऊन खिळ्यांबिळ्यांचं बोलू नकोस."

हिला खिळ्यांचं कुणी सांगितलं, हे विचारायला तिला वेळ नव्हता. बसमध्ये ती दोन्ही पायांमध्ये बादली धरून बसली.

"काय आहे यात?" कंडक्टरने विचारलं.

"चतुर."

त्याने फडक्याखाली डोकावून पाहिलं. "याला पंख कुठेत?"

"येतील. आज नाहीतर उद्या."

"मग आज तिकीट नको," कंडक्टर गंभीरपणे म्हणाला. "उडायला लागला की बघू."

शाळेच्या मागच्या आवारात मोठ्या खोलीएवढं एक तळं होतं. काठ हाताने थापलेले, जरा वाकडेतिकडे. एका बाजूला टबांची रांग, प्रत्येकावर खडूने वार लिहिलेला. काठाला लव्हाळी लावलेली, आणि ओढ्यातले दगड खरोखर असतात तसे ठेवलेले. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. तिने चार शब्द सांगितले होते, त्यातला एकही वाया गेला नव्हता. तिचा ऊर भरून आला. आपलं काम दुसऱ्या कुणाच्या हाताने असं उभं राहिलेलं तिने कधीच पाहिलं नव्हतं.

तो तळ्याकाठी चित्रकलेचा तास घेत होता. समोर पहिलीच तुकडी होती, त्या पहिल्या दिवशीची, तीच चाळीस पोरं. तिला बघून त्याच्या हातातला ब्रश पाण्याच्या भांड्याऐवजी चहाच्या कपात गेला.

"तुम्ही?" तो म्हणाला.

ती घोकलेलं वाक्य विसरली. साफ विसरली. मग ती मुलांकडेच वळली, कारण त्याच्याकडे बघून बोलणं शक्य नव्हतं.

"मुलांनो, चूक झाली की तुम्ही काय करता?"

मुलं गोंधळली. मग सवयीने एकसुरात म्हणाली, "आधी सांगतो. मग विचारतो. मग निस्तरतो."

"मग ऐका. त्या दिवशी मी तुमच्या सरांना तुमच्यासमोर नको ते बोलले. पाटी मी लावली नव्हती आणि बोलणी त्यांना बसली. ते मुलांना कसे शिकवतात, असं मी विचारलं होतं. हे तळं बघून कळलं कसे शिकवतात. मी चुकले. तुमच्यासमोर बोलले होते, म्हणून तुमच्यासमोर माफी मागते."

बोलून झालं आणि तिच्या लक्षात आलं, की मान अजून ताठच होती. उलट जरा जास्तच ताठ झाली होती.

 त्याचे डोळे ओले झाले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही.

"सांगून झालं," ती आता त्याच्याकडे वळून म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आता विचारते. कसं निस्तरू?"

"तीन गुरुवार मी आलो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ठरवलं होतं, चौथ्या वेळी तुम्ही यायचं. मलाही थोडा ताठा आहे."

"म्हणून आला नाहीत?"

"नाही... म्हणजे हो. टबातलं पाणीही ओतायचं होतं. पण खरं कारण तेच." मग त्याची नजर बादलीकडे गेली. "यात काय आहे?"

तिने फडकं सोडलं. दोघं एकदमच खाली वाकले. अळी पाण्यात नव्हती. ती काडीवर वर आली होती, पार पाण्याबाहेर, आणि तिची पाठ मधोमध उकलायला लागली होती.

"हलवू नका," ती कुजबुजली. "कुणीच हलू नका."

चाळीस पोरं श्वास रोखून बसली. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. मुख्याध्यापिका काय गडबड आहे बघायला आल्या आणि त्याही पायरीवर बसून राहिल्या. उकललेल्या पाठीतून आधी डोकं आलं, मग पाय. मग तो जीव उलटा लोंबकळत राहिला, इतका वेळ, की एका मुलीने डोळेच मिटून घेतले. मग त्याने झेप घेऊन काडी पकडली आणि शेपूट सोडवून घेतली. चुरगळलेले पंख इंचाइंचाने उलगडू लागले. ऊन त्यांतून आरपार जात होतं.

"हा तर फिका आहे," तो म्हणाला. "तुम्ही तांबडा म्हणाला होतात."

"रंग लगेच चढत नाही. थोडे दिवस लागतात."

"मला घाई नाही," तो म्हणाला. तो चतुराकडे बघत नव्हता. "पण तो चढताना बघायला तुम्ही इथे हव्यात. आणि पुढच्या वेळीही. आणि त्याच्या पुढच्या वेळीही... तुम्हाला कळतंय ना मी काय विचारतोय? आधी विचारायचं असतं, तुम्हीच शिकवलंत."

तिला कळत होतं. पहिल्या दिवशी चिखलातून बूट ओढला तेव्हापासून कळत होतं. तिने मान हलवली. सगळ्यांना दिसेल अशी, होकाराची. त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. या वेळी लगेच सोडला नाही.

चतुराने पंख एकदा थरथरवले, दोनदा थरथरवले आणि तो उडाला. आधी नव्या तळ्यावरून एक वेडीवाकडी घिरटी, मग तो लव्हाळ्याच्या टोकावर जाऊन बसला. शाळेच्या तळ्यात राहायला आलेला पहिला जीव.

पोरं टाळ्या पिटत उठली. पुढच्या ओळीतल्या एकीने तेवढ्यात त्यांचे धरलेले हात पाहिले आणि डोळे बारीक केले.

"सर, आपल्याच ताई आहेत ना या? तळेताई?"

त्याने छाती अशी काही पुढे काढली, की मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या.

"तुमच्या ताई आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या नाहीत."